बाटली यजमानाची

पिंपरी कॉलनी,
८ फेब्रुवारी १९५७

ती. गं. भा. वन्संना दुर्गाचा साष्टांग नमस्कार.

खुशाली मागाहून लिहिते, आधी पंचाईत सांगते. सतरा तारखेच्या रविवारी ह्यांचे मोठे साहेब आपल्याकडे रात्री जेवायला येणार आहेत. हिंदुराव साहेब. विलायतेत दोन वर्षं राहून आलेत, त्यामुळे कारखान्यात त्यांच्या नुसत्या खोकण्यालाही मान आहे. ह्यांना कायम करायचं की नाही, ते मार्चअखेर त्यांच्याच सहीवर ठरणार. कायम झाले तर ही क्वार्टर आपली. नाही झाले तर एप्रिलात दोन मुली आणि वळकट्या घेऊन कुठे जायचं, ते मला ठाऊक नाही. धाकटी अजून पाच महिन्यांचीही नाही.

तेव्हापासून आमच्या घरात कवायत चालली आहे. शेजारच्या कमरुन्निसाभाभींकडून टेबल आणि खुर्च्या आणायच्या, कारण साहेब पाटावर बसत नाहीत. आपल्या घरात माळ, म्हणून मटण नाही, एवढं मात्र ह्यांनी मान्य केलं. मी पुरणपोळी करणार आहे.

विचारायचं ते असं. हे म्हणतात, साहेब येताना काहीतरी घेऊन येतील, तिकडची तशी पद्धतच आहे, तू तोंड वाकडं करू नकोस. मोठ्या माणसाने आणलेलं घ्यायचं कसं? समोर उघडायचं, की आत न्यायचं? माझ्या माहेरी पाहुणा आला तर पिशवीभर हरभरा घेऊन यायचा, तो ओटीवरच सांडून निवडायला बसायचो आम्ही. इथे तसं चालायचं नाही. तुम्ही एवढी वर्षं खानावळ चालवलीत, चार प्रकारची माणसं जेवू घातलीत. उलट टपाली कळवा.

तुमची,
दुर्गा


सातारा,
१२ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. दुर्गास कौशल्याचे आशीर्वाद.

एवढी घाबरतेस कशाला? साहेब झाला म्हणून त्याला काय दोन तोंडं असतात? जो भाकरी मोडून खातो तो माणूसच.

आता रीत ऐक. पाहुण्याने आणलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं. त्याच्यासमोर उघडायचं नाही, अधाशीपणा दिसतो. आत न्यायचं, देवापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मग त्यातलंच थोडं त्याच्या पानात वाढायचं. आणलेलं गडप केलं असं त्याला वाटता कामा नये, आणि आपल्यालाही देवाला चुकवून काही खाल्लं असं होता कामा नये. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवलं. कलेक्टर आला तरी यात बदल नाही.

लग्नात दिलेली चांदीची फुलपात्रं काढ. ती काय पेटीत झोपायला दिली होती? मारुतीला म्हणावं, साहेबापुढे कमरेत फार वाकू नको, सवय लागली की पाठ सरळ होत नाही.

थोरलीला सुट्टीत माझ्याकडे पाठव असं मागेही लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

कौशल्या


पिंपरी कॉलनी,
१८ फेब्रुवारी १९५७

ती. वन्संना,

सकाळपासून तीनदा हात धुतले, तरी वास जात नाही.

साहेब साडेसातला आले. मोटारीतून उतरले आणि गुलाबी कागदात गुंडाळलेली लांबट बाटली माझ्या हातात दिली. मला वाटलं, गुलाबाचं सरबत. तुम्ही लिहिलंत तसं दोन्ही हातांनी घेतली, आत नेली, कागद काढला, देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि वर तुळशीचं पान ठेवलं. इंग्रजी अक्षरं मला जुळवून वाचता येतात, पण चुलीवर आमटी उतू जात असताना कोण वाचत बसतो!

पानं वाढली तशी साहेब म्हणाले, "मारुतराव, माझी बाटली कुठाय?" हे आत आले, देव्हाऱ्याकडे बघितलं आणि पांढरेफटक पडले. बाटली उचलून सदऱ्याने पुसायला लागले. तोवर साहेबच दारात. कुंकू लागलेली बाटली बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो वहिनी, ही वाइन! तुम्ही तर हिला सवाष्ण केलंत!"

वन्सं, दारू. माझ्या देव्हाऱ्यात. बाळकृष्णाच्या शेजारी.

मग शिकवणी सुरू झाली. तिकडे म्हणे पाहुण्याने बाटली आणायची आणि यजमानाने ती उघडायची. यजमानाने बूच हुंगायचं. यजमानानेच पहिला घोट घेऊन बघायचा, चांगली आहे अशी मान हलवायची, मग पाहुण्याला द्यायची. आणि एकदा का उंबरा ओलांडला, की बाटली यजमानाची, पाहुण्याचा तिच्यावर हक्क नाही. हे "यस सर, यस सर" करत उभे. तुमच्या भावाने बूच हुंगलं, वन्सं. डोळे मिटून हुंगलं आणि मान हलवली. मला त्या वेळी त्यांची शिसारी आली. नवऱ्याबद्दल असं लिहू नये, पण आली.

काचेचे पेले नव्हते, म्हणून तुमची फुलपात्रं पुढे केली गेली. पुरणपोळीचा घास, त्याच्यावर तूप, त्याच्यावर तो तांबडा घोट. मिशीला तूप आणि तुपावर दारू. शेवटी सिगारेटची राख आणि सुपारीचा चोथा, दोन्ही फुलपात्रात टाकून ढेकर देऊन उठले. तीन दिवस खपून केलेल्या पोळ्यांबद्दल एक शब्द नाही. वाइन जरा आंबट निघाली म्हणून मात्र हळहळले.

अर्धी बाटली उरली. मी म्हटलं, घेऊन जा. तर म्हणाले, "छे छे, ती आता तुमची." साहेबांकडे तब्येतीच्या नावाने काढलेलं परमिट आहे. आमच्याकडे काय आहे? दारूबंदीचा कायदा काय फक्त भट्टीवाल्यांना आहे? मी मोरीत ओतायला निघाले, तर ह्यांनी मनगट धरलं. म्हणाले, साहेबांनी पुढच्या खेपेला विचारली तर? बाटली आता धाकटीच्या दुपट्यांमागे उभी आहे.

ह्यांनी नुसता ओठ लावला म्हणतात. मी विचारलं नाही.

दुर्गा


सातारा,
२२ फेब्रुवारी १९५७

दुर्गा,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. चांगला साहेब म्हणायचा! विलायतेला जाऊन दारू कशी हुंगायची ते शिकला, पण दुसऱ्याच्या घरात राख कुठे टाकायची ते कुणी शिकवलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!

फुलपात्रं चिंचेने घास, मग राखेने घास, मग उन्हात टाक. त्यातून पाणी पिऊ नका. देवांना पंचामृताने स्नान घाल. तुझ्याकडून जे झालं ते अजाणता झालं, देवाला ते कळतं. माणसांचं सांगता येत नाही.

बाटली आजच्या आज ओत. मोरीत ओतू नको, मोरीला आठ दिवस वास राहतो. लांब उकिरड्यावर ओत आणि वर माती लोट. मला हे कसं ठाऊक, ते विचारू नको.

मारुतीला म्हणावं, ओठ लावला म्हणजे प्यायलास. पाण्यात पाय बुडवला आणि पोहलो नाही, असं काय सांगतोस? तो माणूस परत घरात येता कामा नये.

कौशल्या


पिंपरी कॉलनी,
१९ मार्च १९५७

ती. वन्संना,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावला असाल. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, लिहायची लाज वाटत होती.

बाटली मी ओतली नाही. ह्यांनी ओतू दिली नाही. साहेब पुढच्या शनिवारी परत आले. त्याच्या पुढच्याही. मग ते यायच्या आधीच शिपाई येऊन बाटली पोचवायला लागला. परमिटावर मिळते ती त्यांना पुरत नाही, आणि वरची कुठून आणतात ते देव जाणे. बंगल्यावर ठेवली तर बोभाटा होतो, म्हणून ती आमच्या दुपट्यांमागे. प्रत्येक वेळी तेच वाक्य: "वहिनी, पाहुण्याने आणलेली बाटली यजमानाची!" मला वाटायचं, हा त्यांचा विनोद आहे. माझ्या घराचा गुत्ता झाला, आणि मी त्या गुत्त्यात पापड भाजत होते.

परवा धुळवडीला दारूबंदीचे जमादार आले. मीरासाहेब म्हणून वयस्क गृहस्थ आहेत, बरोबर दोन पोलीस. कॉलनीतल्या कुणीतरी अर्ज केला होता. साहेब टेबलाशीच बसलेले, समोर पेला. मला वाटलं, सुटलो, आता हा माणूस उचलला जाईल. त्यांनी खिशातून परमिट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी पितो ते कायद्याने पितो. पण मी इथला पाहुणा आहे. या घरातल्या बाटल्या ज्याचं घर त्याच्या."

तेव्हा मला त्या विनोदाचा अर्थ कळला.

जमादारांनी दुपटी उचलली. तीन भरलेल्या आणि एक अर्धी. ती सवाष्ण. तिच्यावर कुंकवाचा डाग अजून होता. जमादारांनी तो अंगठ्याने पुसून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मग ह्यांना विचारलं, "मारुतराव, बाटल्या कुणाच्या?"

हे म्हणाले, "बायकोच्या. बाळंतपणापासून अशक्तपणा आहे तिला. औषध म्हणून घेते."

मी धाकटीला पाजत होते, वन्सं. पदराआड. जमादारांनी मान दुसरीकडे वळवली आणि विचारलं, "बाई, तुम्ही सांगा. ह्या तुमच्या हाएत का?" मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "सणाचा दिवस हाय. अठ्ठावीस तारखेला चौकीवर येऊन लिहून द्या. बाईच्या सहीबिगर मी बाईचं नाव कागदावर घालणार न्हाई." आणि बाटल्या घेऊन गेले.

आता साहेबांनी सगळं आखून दिलं आहे. त्यांच्या ओळखीचा डॉक्टर मागच्या तारखेची चिठ्ठी देईल. तान्हं मूल असलेली बाई, तिला समज देऊन सोडतील. ह्यांच्या नोकरीचा कागद टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पडला आहे. मी ज्या दिवशी सही करीन, त्या दिवशी ते सही करतील.

सही केली तर मी दारुडी. नाही केली तर ह्यांची नोकरी गेली, क्वार्टर गेली, वर खटला. ह्यांना शिकवायला, मार्गी लावायला तुम्ही अकरा वर्षं लोकांच्या भाकऱ्या थापल्यात. त्यावर पाणी सोडायचा मला काय अधिकार? म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही सांगाल तसं करीन.

दुर्गा


पिंपरी,
२० मार्च १९५७

ती. गं. भा. आक्कास मारुतीचा नमस्कार.

दुर्गाने तुला काहीबाही लिहिले असेल. ती फार मनाला लावून घेते. प्रकरण अगदी किरकोळ आहे. एका सहीचा प्रश्न आहे. हिंदुराव साहेब स्वतः लक्ष घालीत आहेत. दुर्गाला काहीही होणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

जमादारासमोर माझ्या तोंडून ते निघून गेले, हे खरे. त्या वेळी दुसरे काही सुचले नाही. पण आता ते निघालेच आहे तर त्याचा उपयोग करून घेणे शहाणपणाचे, असे साहेबांचेही मत पडले. आक्का, माझ्यावर खटला झाला तर पुन्हा कुठल्याच कारखान्यात कोणी उभे करणार नाही. दुर्गाला कुठे नोकरी करायची आहे?

तुझ्या शब्दाबाहेर ती जाणार नाही. दोन ओळी लिही.

तुझा,
मारुती


सातारा,
२३ मार्च १९५७

चि. दुर्गास,

दोन्ही पत्रं मिळाली. दोन रात्री विचार केला. सही कर.

म्हातारी फिरली असं तुला वाटेल. फुलपात्रं घासायला सांगणारी मीच, आणि हे गिळायला सांगणारीही मीच. मारुतीची मलाही किळस आली आहे. त्याला मी कडेवर खेळवलं, आणि हा बायकोच्या पदराआड लपला! भेटला म्हणजे त्याला माझ्या हातची मिळेल. पण किळस पोटाला घालता येत नाही. पुरुषाची नोकरी गेली की घर बसतं. बाईच्या नावाचं काय, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात.

तुला कधी सांगितलं नाही, ते सांगते. आमचे मालक शाळामास्तर होते. बेचाळीस साली शाळा तपासायला साहेब आले होते. ते आमच्याच घरी उतरले, आणि मालकांच्या पेटीत त्यांना बाटली दिसली. नोकरी गेलीच होती. मी माजघरातून पुढे झाले आणि म्हटलं, माझी आहे, वाताला चोळते, कधी घोटभर घेते. साहेब हसले, मास्तर वाचले. तीन वर्षांनी त्याच बाटलीपायी गेले. आम्ही कावीळ सांगितली.

मी मेले का त्यावाचून? माळ घातली, खानावळ काढली, भावाला शिकवलं. आज कुणी माझ्याकडे बोट दाखवतं का? धुतलं की निघतं, दुर्गा. डोळे मिट आणि सही कर.

कौशल्या


पिंपरी कॉलनी,
२८ मार्च १९५७

ती. वन्संना,

तुमचं पत्र परवा मिळालं. तुम्ही सांगाल तसं करीन असं लिहिलं होतं, आणि तसंच करायला निघाले होते. पण "लोक विसरतात" या तुमच्या ओळीपाशी अडले ते अडलेच.

आता लिहिते ते वाचून तुम्ही मला तोडाल. तोडलंत तरी चालेल, पण हे तुमच्यापासून लपवणं आता जमणार नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या मावशीने आईच्या कानात सांगितलं होतं. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, पण थोरली नणंद घेते. मास्तरांच्या घरात बाटली निघाली होती, ती तिचीच. तिने स्वतः कबूल केलं होतं. माळ काय, झाकायला घातली आहे. आई दोन दिवस रडली. मग म्हणाली, नणंद लांब राहते, तू जपून राहा.

मी जपून राहिले, वन्सं. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या पाया पडले, तुम्ही मला जवळ घेतलंत, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. आठ वर्षं झाली. तुम्ही जवळ आलात की माझं नाक आधी पुढे जातं. एका दिवाळीला तुमच्या उशाशी काळी बाटली दिसली. तुम्ही विहिरीवर गेल्यावर मी बूच काढून हुंगली. एरंडेल होतं. तरी संशय गेला नाही, म्हटलं, दुसरी कुठेतरी असेल. थोरलीला सुट्टीत पाठव असं तुम्ही चारदा लिहिलंत. कधी मी उत्तर टाळलं, कधी तिला खोकला झाल्याचं कळवलं. तिला कधीच खोकला नव्हता.

ह्यांना मी बूच हुंगल्याबद्दल नावं ठेवली. मीही हुंगलंच होतं की. साहेबाची किळस येत होती, ह्यांची येत होती. तुमचं पत्र वाचलं आणि माझी मलाच इतकी किळस आली की चुलीसमोरून उठून बाहेर जाऊन बसले.

पंधरा वर्षं झाली. कोण विसरलं, वन्सं? तुम्हाला कुणी बोट दाखवत नाही, कारण तुमच्या पाठीमागे दाखवतात. माझ्या दोन मुली आहेत. त्यांची लग्नं ठरतील तेव्हाही कुठलीतरी मावशी कुणाच्यातरी कानाशी लागेलच.

आज चौकीवर गेले. हे आले नाहीत. कमरुन्निसाभाभी धाकटीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. मी माझ्या हाताने लिहिलं: "बाटल्या माझ्या नाहीत. मी दारू कधी घेतलेली नाही. बाटल्या हिंदुराव साहेबांनी आणल्या आणि पाठवल्या. परत न्या म्हटलं, तर नेल्या नाहीत. माझ्या नवऱ्याने त्या ठेवून घेतल्या, कारण त्यांना साहेबांची भीती वाटत होती." खाली पूर्ण नाव घातलं. मीरासाहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव पण लिवलंत. विचार केलाय न्हवं?" मी म्हटलं, केलाय.

संध्याकाळी शिपाई येऊन सांगून गेला. ह्यांच्या कागदावर सही झाली नाही, एक तारखेपासून यायचं कारण नाही, पंधरापर्यंत क्वार्टर मोकळी करावी. खटल्याचं काय होईल ते अजून कळत नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, जेवतात मात्र. चिंचवड गावात छबूबाई म्हणून आहेत, त्यांची एक खोली मी बघून आले. औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायचं काम बायकांना मिळतं म्हणतात, तिथे चौकशी केली आहे. हे बरोबर आले तर येतील.

तुमची अकरा वर्षं मी मातीत घातली. त्याची माफी मागत नाही, मागून मिळण्यासारखी नाही. फक्त एक विचारते. त्या बाटलीबद्दल खरं काय ते तुम्ही आजवर कुणाला सांगितलंत?

दुर्गा


सातारा,
१ एप्रिल १९५७

चि. सौ. दुर्गास,

आजवर कुणाला नाही. म्हणून आज पाकीट न घेता उघडं कार्ड लिहिते आहे. इथल्या पोस्टमनने वाचावं, तिथल्याने वाचावं. मग मारुतीला उठवून बसव आणि त्याच्याकडून हे मोठ्याने वाचून घे, शेजारी ऐकू जाईल असं. एक कार्ड तुझ्या मावशीलाही टाकलं आहे.

एरंडेल मी गुडघ्यांना लावते. सामान हलवायला बारा तारखेला येते. थोरलीला तयार ठेव.

मास्तरांच्या पेटीतली बाटली माझी नव्हती.

कौशल्या